धरायला कड

'विंडो' या शब्दाला मराठीत 'खिडकी' म्हणावं की म्हणू नये, यावर विद्वानांनी हवा तेवढा वाद घालावा. माझ्यापुरता तो वाद केव्हाच मिटला आहे. खिडकी ही वस्तू सुतार एकदा भिंतीत बसवून जातो आणि मग ती जन्मभर तेवढीच राहते. आमच्या जुन्या वाड्यातल्या माजघराच्या खिडकीला पाच गज होते. मी मोठा झालो की खिडकीही मोठी होईल, अशी लहानपणी माझी समजूत होती. मी मोठा झालो, म्हातारा झालो, आणि खिडकी आपली पाच गजांचीच राहिली. संगणकाच्या पडद्यावरची खिडकी अशी हट्टी नसते. तिची कड धरून ओढली की ती मोठी होते, आत ढकलली की लहान होते. वाड्यात अशी एक खिडकी असती, तर थंडीत ती बोटभर ठेवली असती आणि पालखीच्या दिवशी भिंतभर ओढली असती! तेव्हा माझ्या मते फरक एवढाच : जिची कड ओढता येते ती विंडो, जिची ओढता येत नाही ती खिडकी.

मात्र त्यासाठी ती कड आधी हाताला लागली पाहिजे. आणि माझी सगळी कथा तिथेच आहे.

मी आयुष्यभर छापखान्यात काढलं. मुद्रितशोधक म्हणून लागलो आणि मुद्रितशोधक म्हणूनच निवृत्त झालो. खिळे जुळवण्याचा काळ पाहिला, ऑफसेटचा पाहिला, आणि शेवटची काही वर्षं संगणकावर जुळवलेली पानंही तपासली. त्यामुळे संगणकाची मला भीती कधीच वाटली नाही. फार प्रेमही वाटलं नाही. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र वाचावं, त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त कराव्यात आणि ते रद्दीत घालावं, असा माझा साधा क्रम चालला होता. वयाच्या शहात्तराव्या वर्षी मी पुन्हा रोज चार तास पडद्यासमोर बसू लागलो, तो अक्कामुळे.

अक्का माझी थोरली बहीण. आज ती एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि वाईला तिच्या मुलाकडे असते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आईच्या मांडीवरून मी थेट अक्काच्या मांडीवर आलो. आईचा आवाज मला आठवत नाही. अक्काला आठवतो. आई पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि त्या ओव्या अक्कानं पुढं मागं आठवतील तशा एका लांबट वहीत उतरवून ठेवल्या आहेत. काही आईच्या, काही शेजारणींच्या, काही आजीकडून आईकडे आलेल्या. एकशे चौऱ्याऐंशी पानं. शाई कुठे निळी, कुठे काळी, कुठे नुसती पेन्सिल. हिशेबाच्या कोपऱ्यात मावतील तिथे दोनदोन ओळी बसवलेल्या.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे ताटात पाकीट टाकलं. अक्कानं ते उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बाळ, या खेपेला मला पैसे नकोत. माझी वही मोठ्या अक्षरांत छापून दे. डोळ्यांचं मधलं दिसेनासं झालंय. मोठं अक्षर अजून कडेकडेनं लागतं. एकदा हातात धरून स्वतः वाचायचीय मला. दुसऱ्यानं वाचून दाखवलेली नको."

पुढच्या भाऊबीजेपर्यंत, एवढीच मुदत तिनं घातली. एक्क्याण्णवाव्या वर्षी माणूस मुदत घालतो, तेव्हा ती कुणासाठी असते हे सांगावं लागत नाही.

भाच्यानं वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवला. नातवानं आपला जुना लॅपटॉप मला दिला. त्यातली मूळची व्यवस्था इतकी जड झाली होती, की यंत्र सुरू व्हायला घातलं की तेवढ्यात माझा चहा होई. म्हणून त्यानं ती काढून लिनक्स घातलं. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणानं हे काम सुरू केलं, आणि आज जगभरची माणसं ते मिळून वाढवतात. ज्याला हवं त्यानं ते घ्यावं, उघडून पाहावं, बदलावं. पडद्यावर जो संसार दिसतो, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, बटणं वगैरे, तो लिनक्समध्ये आपल्या आवडीनं निवडता येतो. नातवानं माझ्यासाठी एक्सएफसीई नावाचा संसार निवडला. हा ओलिव्हिए फुर्दाँ यांनी १९९६ च्या सुमारास मांडायला घेतलेला. जुन्या यंत्रालाही झेपेल असा, काटकसरी. त्याचं चिन्ह उंदीर आहे. गणपतीच्या वाहनानं चालणारा संसार म्हटल्यावर मला तो घरचाच वाटला.

आणि खरोखर, तो चांगलाच चालला. चहा होण्याआधी यंत्र सुरू होऊ लागलं. मी कामाची मांडणी अशी केली : डाव्या खिडकीत वहीच्या पानाचा फोटो, उजव्या खिडकीत माझं टंकलेखन. अक्षर बारीक आलं की डावी खिडकी रुंद करायची, ओळी तपासायच्या झाल्या की उजवी. दिवसातून निदान पन्नास वेळा ही ओढाताण. कडेवर बाण नेला, की त्या बाणाचं रूप पालटतं; मग बटण दाबून ओढायचं, इतकं ते सोपं. म्हणजे सोपं असायला हवं.

पण ती कड मला सापडेना! बाण कडेजवळ नेला की तो तिच्यावरून पलीकडे जाई. परत आणला की अलीकडे येई. मधल्या एका क्षणी त्याचं रूप पालटल्यासारखं वाटे, तेवढ्यात मी बटण दाबावं, तो मागे दडलेली तिसरीच खिडकी पुढे येऊन उभी राही. लग्नघरात एकाला हाक मारावी आणि त्याच नावाचे दुसरेच काका हजर व्हावेत, तसा प्रकार. गंमत म्हणजे काही खिडक्यांची कड चटकन हाताला लागे, आणि काहींची काही केल्या लागत नसे.

आता इथं माझ्या उजव्या हाताबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपासून तो थरथरतो. मांडीवर ठेवला की शांत. पण कशावर नेम धरायला गेला, सुईत दोरा ओवायला गेला, कप ओठांशी न्यायला गेला, की थरथर सुरू. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, वयाबरोबर वाढेल. मीही ते मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ती कड जेव्हा दिवसामागून दिवस सुटू लागली, तेव्हा मला प्रथमच वाटलं, की हा हात आता संपला. फाल्गुन उजाडला तरी वहीची एकतीस पानंच झाली होती. रात्री मी गणित मांडून पाहिलं. या चालीनं अक्काचं पुस्तक पुढची भाऊबीज सोडाच, तिच्या पुढच्या भाऊबीजेलाही झालं नसतं.

त्या रात्री मी एक गोष्ट केली, जी मुद्रितशोधकानं आधीच करायची असते : मोजमाप घेतलं. माझा पडदा चौदा इंची. त्याच्या एका आडव्या ओळीत १९२० ठिपके आहेत आणि पडद्याची रुंदी ३१ सेंटिमीटर. म्हणजे एक ठिपका मिलिमीटरचा साधारण सहावा भाग. नातवाला विचारलं, "या खिडकीची कड किती ठिपक्यांची?" त्यानं पाहून सांगितलं, "एक."

एक! आमच्या छापखान्यात दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत असत. त्यांतली अगदी पातळ पट्टी एक पॉइंटाची. पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग. ती पट्टी उचलताना तरण्याताठ्या कंपोझिटरची बोटंही अडखळत. आणि इथे माझ्या खिडकीची कड त्या पट्टीच्या निम्मीसुद्धा नव्हती. शिवणाचा दोरा तिच्याहून जाड असतो. म्हणजे दिवसातून पन्नास वेळा मी दोऱ्याहून बारीक रेघेवर नेम धरत होतो, तोही चालत्या बाणानं आणि थरथरत्या हातानं.

आता दोष हाताचा की कडेचा?

या प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा असं मी ठरवलं. निवृत्त माणसाला वेळ नसतो असं कोण म्हणतं? नातवाला रोज संध्याकाळी दोन प्रश्न विचारायचे आणि बाकीचं स्वतः वाचायचं, असा नेम केला. त्यातून जे कळलं ते मोठं मौजेचं आहे.

माऊसचा पहिला नमुना १९६४ साली झाला, आणि तो चक्क लाकडी होता. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को इथं तो भरसभेत चालवून दाखवला. खिडक्या ओढण्याची कला मात्र पुढं हळूहळू रुळली. १९८५ साली जे पहिलं विंडोज आलं, त्यात खिडक्या फरशीसारख्या एकमेकींना लागून बसत. एकीवर दुसरी चढण्याची मुभा त्यांना १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिळाली. मॅकिंटॉश १९८४ चा. त्याची खिडकी फक्त उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याला धरून ओढता येई. चारी कडांना धरण्याची सोय तिथं २०११ साली झाली. सत्तावीस वर्षं भल्याभल्यांनी एकाच कोपऱ्यावर संसार केला!

लिनक्समध्ये आणखी एक मजा आहे. खिडकीच्या आतलं सगळं ज्याच्या त्याच्या कार्यक्रमाचं; पण भोवतीची चौकट घालणारा कारागीर पुष्कळदा निराळाच असतो. चित्र चित्रकाराचं, फ्रेम फ्रेमवाल्याची. आणि फ्रेम किती जाड, हे ठरवणारा आणखी तिसराच : सजावट करणारा. माझ्या सजावटकारानं कड एका ठिपक्याची काढली होती. का, तर ती नाजूक दिसते. कड जेवढी दिसते तेवढीच पकडता येते, हा माझ्या चौकटवाल्याचा नियम. काही कार्यक्रम मात्र आपली फ्रेम आपणच घालतात, आणि कडेबाहेर न दिसणारी अशी थोडी जागा पकडण्यासाठी राखून ठेवतात. माझ्या काही खिडक्या चटकन हाताला लागत, त्या या होत. पंचवीस वर्षांपूर्वी पंधरा इंची पडद्याच्या ओळीत १०२४ ठिपके असत. तेव्हाचा ठिपका आजच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद. पुढं ठिपके बारीक होत गेले, कड ठिपक्यांतच मोजली जात राहिली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना ती हातातून निसटली.

आणखी एक गोष्ट सापडली, ती तर १९५४ सालची, म्हणजे माऊसचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसांच्या हाती एक सळी दिली, समोर दोन पट्ट्या ठेवल्या आणि आळीपाळीनं त्यांवर टोचायला सांगितलं. पट्ट्या कधी रुंद, कधी अरुंद. कधी जवळ, कधी दूर. त्यावरून त्यानं नियम काढला : लक्ष्य जितकं लांब आणि जितकं अरुंद, तितका हाताला वेळ जास्त. रुंदी निम्मी केली की वेळ दर खेपेस एका ठरावीक मापानं वाढतो. हा नियम तरुणालाही लागू, म्हाताऱ्यालाही लागू. हे वाचून मला जो दिलासा मिळाला, तो चार वर्षांत कुठल्या गोळीनं मिळाला नव्हता. माझा हात थरथरतो, हे खरंच. पण एका ठिपक्यावर नेम धरताना तो जगातल्या कुणाचाही अडखळेल. माझा जरा जास्त, एवढंच.

खरं म्हणजे हे शोधायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. करंज्या करायला बसलेल्या कुठल्याही बाईला ते ठाऊक असतं. सारण कितीही चांगलं असो, पारीची कड मोकळी सोडली नाही तर मुरड घालायची कशाला धरून? साडीला काठ असतो, परातीला कड असते, गोधडीला किनार असते. यांतली कुठलीही गोष्ट केवळ शोभेसाठी सुरू झाली असेल असं मला वाटत नाही. आधी धरायला, मग मिरवायला.

एका रविवारी नातू माझ्या मागे उभा राहून माझी धडपड पाहत होता. म्हणाला, "आजोबा, तुम्ही कड कशाला धरता?"

"मग काय धरू? तुझ्या त्या उंदराचं शेपूट?"

"काहीच नका धरू. बाण खिडकीत कुठंही राहू द्या. अगदी मधे. आता डाव्या हातानं आल्टची कळ दाबून धरा, आणि माऊसचं उजवं बटण दाबून ओढा."

मी ओढलं. आणि खिडकी एखाद्या शहाण्या म्हशीसारखी मुकाट्यानं रुंद झाली. बाण ज्या कोपऱ्याच्या जवळ होता, तो कोपरा सरकला. नेम नाही, थरथर नाही, काही नाही. आल्ट आणि डावं बटण असं केलं, तर सगळी खिडकीच उचलून हलवता येते. पडद्याच्या खाली गेलेलं बटण वर आणायला हाच उपाय. आणि माऊस मुळीच नको असेल, तर आल्ट आणि एफ-८ दाबावं, बाणांच्या कळांनी हवी तेवढी खिडकी करावी आणि एंटर दाबावं. केडीई, ग्नोम या दुसऱ्या संसारांतही अशीच सोय आहे, फक्त कळ आणि बटण निराळं.

"हे तू मला सहा महिने का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"पडद्यावर कुठं लिहिलंय का ते?"

तो जरा विचारात पडला. "नाही," म्हणाला. "मलाही कॉलेजात एका मुलानं सांगितलं होतं."

मला हसू आलं. समोरच्या डाव्या खिडकीत अक्काच्या वहीचं पान उघडं होतं. त्यातल्या ओव्याही अशाच आल्या होत्या : कुणाला कुणी सांगितलेल्या, आणि वहीत उतरेपर्यंत कुठंही न लिहिलेल्या.

नातवानं त्याच दिवशी आणखी एक केलं. सजावटींच्या यादीतून जाड कडांची एक जुनी सजावट शोधून माझ्या यंत्रावर बसवली. आता खिडकीला चांगली बोटानं धरावी अशी चौकट आली. सूनबाई येताजाता पाहून म्हणाली, "बाबा, हे जरा जुनाट दिसतं हो." मी म्हटलं, "मीही जुनाटच आहे. आमचं जमेल."

त्यानंतर कामाला वेग आला. उन्हाळ्यात शंभरावं पान ओलांडलं. आषाढात मी शेवटच्या पेन्सिलीच्या ओळींपाशी आलो. त्यांतल्या एका ओवीत माझं नाव होतं. आईनं ती मी पाळण्यात असताना म्हटली असणार. ती इथे देत नाही. ती अक्काच्या वहीतच राहू दे. त्या दिवशी मात्र मी डावी खिडकी पडद्याएवढी मोठी केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. टंकलेखन काही झालं नाही.

पुस्तक गौरी-गणपतीत झालं. बारा प्रती. अक्षर बावीस पॉइंट. पानं कशी मांडावीत यावर छापणाऱ्या मुलाशी माझी थोडी हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, समास एवढा रुंद सोडला तर पानं वाढतील, खर्च वाढेल, आणि आजकाल असं कुणी सोडत नाही. मी म्हटलं, पानं वाढू देत. बाहेरचा समास मी चांगला दीड इंच ठेवायला लावला.

प्रत घेऊन मी वाईला गेलो. भाऊबीजेची वाट पाहिली नाही. अक्कानं पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. तिचे हातही आता माझ्यासारखेच थरथरतात. आमच्या घराण्याचा तो वारसा दिसतो. तिनं पान उघडलं, डोळ्यांपासून जरा बाजूला धरलं, आणि अंगठा कोऱ्या समासावर नीट टेकवून पाहिला.

"कड रुंद सोडलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "अंगठा अक्षरावर येत नाही."

मग ती वाचू लागली. मोठ्यानं, अडखळत, आणि दुसऱ्या ओवीपासून चालीवर.